घरून खाऊन आलेली माणसं

अस्वलाबरोबर नाश्ता करायचा असेल तर आधीपासून जागा धरून ठेवावी लागते, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं. मी सरकारी दवाखान्यात सिस्टर होते. वॉर्डात रोज सकाळी कोणी ना कोणी अस्वलासारखं गुरगुरायचं आणि मी त्यांना दूध-पाव द्यायचे. फोटो काढायला कोणी येत नव्हतं.

तर झालं असं. आमची नात अवनी मे महिन्यात सहा वर्षांची होणार होती. माझी सून निकिता आणि मुलगा धम्मदीप, दोघंही खराडीला कंपनीत. वाढदिवस घरी करायचा नाही, हॉल घ्यायचा नाही, तर नगर रस्त्याला ते नवीन 'गंमतगाव' झालंय तिथे जायचं, असं दोघांनी ठरवलं. म्हटलं जा, पाळण्यात बसा, घसरगुंडी करा, संध्याकाळी या. तर नाही. तिथे म्हणे 'कॅरेक्टर डायनिंग' असतं. म्हणजे टीव्हीवरच्या कार्टूनचा वेष घालून माणसं येतात आणि आपण त्यांच्याबरोबर जेवायचं. मी धम्मदीपला विचारलं, "सोंग घेतलेल्या माणसाबरोबर जेवायला पैसे द्यायचे? आपल्या गल्लीत बहुरूपी यायचा तेव्हा आपण त्याला जेवायला घालायचो."

"आई, इट्स फॉर अवनी," तो म्हणाला. आमच्याकडे वाद संपवायचा असला की इंग्रजी सुरू होतं.

पण मी गप्प बसले, त्याला कारण होतं. अवनी जेवत नव्हती. आधी तिच्यासमोर मोबाइल धरला की तोंड उघडायचं आणि बाजूला केला की मिटायचं. डॉक्टरांनी सांगितलं, मोबाइल बंद. केला बंद. तेव्हापासून तोंडाला जे कुलूप लागलं ते लागलंच. वजनाचा काटा हलायला तयार नाही, हाताच्या काड्या झालेल्या, आणि जूनमध्ये ही पहिलीत जाणार, पाठीवर दप्तर घेऊन. मी वरणभाताची वाटी घेऊन तिच्यामागे गॅलरीतून जिन्यापर्यंत जायचे. एक घास काऊचा, एक घास चिऊचा. काऊ आणि चिऊ जेवून ढेकर देऊन गेले असतील, पोरगी उपाशीच. नर्सिंगच्या अख्ख्या नोकरीत मी भल्याभल्या पेशंटांना कडू औषधं पाजली, पण या एवढ्याशा पोरीपुढे मी हात टेकले होते.

त्यामुळे निकिता जेव्हा म्हणाली, "आई, तिचा फेव्हरिट कॅरेक्टर शेजारी असेल तर खाईल ती, एक तरी प्लेट नीट खाईल," तेव्हा मी म्हटलं, करा बाई काय करायचं ते. एका जागी बसून तिने एक ताटली संपवली तरी मी त्या गंमतगावाच्या मालकाला हार घालीन.

मग निवड सुरू झाली. आमच्या लग्नात नवरा निवडायला एवढा वेळ लागला नव्हता. मी एकदा चहा घेऊन खोलीत आले, हे मान खाली घालून बसले होते, झालं. इथे निकिताने आयांच्या तीन-चार व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारणा केली. राजकन्येबरोबर दुपारचा चहा होता, पण त्याला मुलींनी घेरदार फ्रॉक घातलाच पाहिजे. कॅप्टन कडकड नावाच्या समुद्री चाच्याबरोबर रात्रीचं जेवण होतं, त्यात मध्येच दिवे घालवून तोफ उडवतात. एका आईने लिहिलं होतं, की तिचा मुलगा टेबलाखाली शिरला तो बिल येईपर्यंत बाहेर आला नाही. परीबरोबरचा बुफे होता, पण परी स्टेजवरून खाली उतरत नाही. आणि गब्दू अस्वलाबरोबर सकाळचा नाश्ता. रात्री नऊच्या मीटिंगमध्ये कानाला हेडफोन लावून धम्मदीप कंपनीशी बोलायचा आणि आवाज बंद करून मधूनच निकिताशी बोलायचा, "चाच्यांचं रेटिंग चांगलं आहे." लहान मुलांना तोफेबरोबर जेवायला बसवायचं म्हणे. ज्याने हे काढलं त्याला एकदा माझ्या वॉर्डात ठेवायला हवा होता.

शेवटी आमचे हे बोलले. आमचे हे म्हणजे दशरथ, पोस्टातून निवृत्त, दिवसाला मोजून चार वाक्यं. ती सगळी बहुतेक टीव्हीवरच्या बातम्यांना उद्देशून असतात. पण त्या दिवशी टीव्हीकडे बघतच म्हणाले, "जिला जेवायचंय तिला विचारा की."

एवढे दिवस हे कोणाला सुचलंच नव्हतं, मलासुद्धा. अवनीला बोलावलं. निकिताने लॅपटॉपवर सगळी चित्रं दाखवली. अवनीने एकच प्रश्न विचारला, "यांच्यातलं माझ्याबरोबर बसून कोण जेवणार?"

"सगळेच जेवतात, बेटा," धम्मदीप म्हणाला.

"बसून?"

"बसून."

"मग गब्दू," ती म्हणाली. "तो जाडा आहे. तो पोटभर जेवेल."

जाहिरातीत लिहिलंच होतं, 'गब्दूसोबत नाश्ता'. खाली चित्रात टेबल, टेबलाशी अस्वल, अस्वलापुढे मधाची बरणी. कोणाला शंका यावी असं त्यात काहीही नव्हतं. पाच खुर्च्या धरल्या, खाणं धरून.

आमच्या घरी जेवणाची एक रीत आहे, ती इथेच सांगते. बुद्धपौर्णिमेला आम्ही सोसायटीच्या दारात खीर वाटतो. माझ्या सासूबाईंपासून नियम आहे, की आधी आलेल्याला द्यायचं, मग घरच्यांनी घ्यायचं आणि वाढणाऱ्याने सगळ्यांत शेवटी. घरी पाहुणा आला तरी तेच. त्याने पहिला घास घेतल्याशिवाय आपण ताटाला हात लावायचा नाही, आणि त्याला म्हणायचं, "सावकाश होऊ द्या." अवनी हे बोलण्यात पटाईत. ती बाहुल्यांना झाकणात चुरमुरे वाढते आणि कमरेवर हात ठेवून म्हणते, "सावकाश होऊ द्या." मला त्याचं फार कौतुक. शेजारच्या कांताबाईंना मी मुद्दाम बोलावून दाखवलं होतं. आजकालच्या पोरांना कुठे असतं वळण, असंही म्हणाले होते.

बाकी रोजचं म्हणाल तर कोणाचा कोणाला मेळ नसतो. ह्यांच्या गोळ्या असतात म्हणून हे अकराला बातम्यांसमोर जेवतात. धम्मदीप ताट घेऊन मीटिंगला बसतो. निकिता ओट्याशी उभ्या उभ्या पोळीची गुंडाळी करून खाते आणि तिथेच डबे भरते. आणि मी वाढणारी, म्हणजे शेवटी. अवनीला कधीही भूक लागली तरी मी वाटी घेऊन हजर. पोरीची आबाळ म्हणून मी कधी होऊ दिली नाही.

वाढदिवसाच्या सकाळी मी लवकर उठून थालीपिठं लावली. निकिता म्हणाली, "आई, तिथे सगळं इन्क्लूडेड आहे."

"इन्क्लूडेड असेल," मी म्हटलं, "पण ते असेल कसलं? मैद्याचं आणि साखरेचं. सांबार म्हणजे हळद घातलेलं कोमट पाणी. बाहेर जायचं तर माणसाने घरून खाऊन निघावं. मग तिथे काही का मिळेना." ह्यांनी दोन थालीपिठं लोण्याबरोबर हाणली. धम्मदीपने तीन. निकिता नको नको म्हणत होती, तिला मी दीड घ्यायला लावलं. मी स्वतःही घेतलं. फक्त अवनीला काही द्यायचं नाही असं ठरलं होतं, भुकेली राहिली तर तिथे खाईल म्हणून. ती दारात नवा झगा घालून उभी होती आणि आमच्या तोंडांकडे बघत होती. "तुला आज गब्दूबरोबर खायचंय ना," मी म्हटलं. तिने मान हलवली.

गंमतगावाच्या दारात आमच्या पिशव्या तपासल्या. पाण्याची बाटली काढून ठेवली. बाहेरचं पाणी चालत नाही म्हणे. मी तपासणाऱ्या पोराला विचारलं, "पोटातलं चालतं का?" तो हसला नाही. मग प्रत्येकाच्या मनगटाला कागदी पट्टा. दवाखान्यात नवजात बाळांना बांधतो तसला. त्यानंतर 'गब्दूची गुहा' असं लिहिलेल्या दाराबाहेर उन्हात रांग. ज्यांनी आधी जागा धरली आहे त्यांचीच रांग, हे लक्षात घ्या. जागा धरली नसती तर कदाचित सरळ घरी सोडलं असतं.

आत गारठा. प्लास्टिकच्या वेली, पुठ्ठ्याचे दगड आणि कानठळ्या बसवणारं गाणं. सलोनी असं नाव छातीवर लावलेली एक मुलगी आली. चेहऱ्यावर हसू चिकटवलेलं. "हाय फॅमिली, गब्दू सगळ्या टेबलांना व्हिजिट देणारे. तो येईल तेव्हा प्लीज टेबल सोडू नका, आणि स्लॉट संपला की नेक्स्ट बॅच असते." व्हिजिट. म्हणजे राउंड. डॉक्टर पण राउंड घेतात, पण निदान ताप तरी बघतात.

बुफेवर पंजाच्या आकाराच्या इडल्या होत्या, अस्वलाच्या तोंडाचे पॅनकेक होते, डोळ्यांच्या जागी चॉकलेटच्या गोळ्या. अवनीने स्वतःला दोन इडल्या घेतल्या. मग दुसरी ताटली धम्मदीपच्या हातात दिली आणि तिच्यात चार इडल्या, दोन पॅनकेक आणि मध घ्यायला लावला. टेबलावर आल्यावर ती ताटली तिने शेजारच्या रिकाम्या खुर्चीसमोर ठेवली, चमचा उजव्या बाजूला, पाण्याचा पेला भरून. ती आमची पाचवी खुर्ची नव्हती. तिने पलीकडच्या टेबलावरून स्वतः ओढत आणलेली सहावी होती.

आम्ही चौघं बसलो. आमच्यापुढे काही नव्हतं. पोटं तुडुंब. निकिताने मोबाइल काढून व्हिडिओ सुरू केला, धम्मदीपनेही काढला, हे भिंतीवरच्या टीव्हीत काय चाललंय ते बघत होते. मी म्हटलं, "खा ग बाळा, गार होतंय."

"पाहुणा आला नाही अजून," अवनी म्हणाली.

माझा ऊर भरून आला, खरं सांगते. आजूबाजूची पोरं हातात चॉकलेटचे डोळे घेऊन पळत होती आणि माझी नात उपाशीपोटी पाहुण्याची वाट बघत बसली होती. मी निकिताकडे असं बघितलं, की बघ, हे कोणी शिकवलंय. "खाऊ दे ना तिला आई," निकिता म्हणाली. मी म्हटलं, "थांबू दे. येतोच आहे तो."

तो आला, पण घाईत. लग्नात जेवणाच्या पंगतीत फोटोवाला फिरतो तसा टेबलामागून टेबल उरकत. हात हलवायचा, मिठी मारायची, पोट हलवायचं, फोटो, पुढचं टेबल. त्याच्यामागे सलोनी, तिच्यामागे कॅमेरा घेतलेला एक जण. कुठल्याच टेबलावर तो बसला नाही. मला तेव्हाच काहीतरी खटकलं, पण मी म्हटलं, आपल्या टेबलावर ताट वाढलेलं आहे, बसेल.

आमच्या टेबलाशी तो आला तेव्हा अवनी खुर्चीवरून उतरली. तिने सहावी खुर्ची मागे ओढली. "बसा," ती म्हणाली. "सावकाश होऊ द्या."

गब्दूने हात हलवला आणि पोट हलवलं. अवनीने पॅनकेकचा तुकडा मोडला, मधात बुडवला, टाचा वर करून त्याच्या तोंडाशी नेला. ते तोंड म्हणजे शिवलेलं कापड. सलोनीने तिचं मनगट पकडलं. जोरात नाही, पण पकडलं. "नो नो बेबी, गब्दूला काही भरवायचं नाही. त्याचं फर खराब होतं. इकडे बघ, स्माइल."

"तो जेवणार नाही?"

"त्याचं पोट भरलंय, बेबी. तो घरून खाऊन आलाय ना."

खटकन फोटो निघाला. गब्दू पुढच्या टेबलावर गेला. अवनीच्या हातातला तुकडा तसाच, मध मनगटावरून कोपरापर्यंत आलेला. ती रडली असती तरी चाललं असतं. ती रडली नाही, खुर्चीवर चढून बसली आणि आमच्या चौघांकडे एकेक करून बघितलं. मग हळूच म्हणाली, "सगळेच घरून खाऊन आलेत."

हे माझ्या कानावर पडलं. पडलं, पण आत शिरलं नाही, कारण तोवर माझ्या मस्तकात तिडीक गेली होती. सहा वर्षांच्या पोरीचा हात धरता? जाहिरातीत टेबलाशी बसलेलं अस्वल दाखवता आणि इथे त्याला बसायची बंदी? मी उठले. निकिता म्हणाली, "आई, सीन नको ना." मी म्हटलं, "सीन तुमच्या अस्वलाने केलाय, मी फक्त बघायला चाललेय."

मॅनेजरचं नाव अवधूत. तिशीचा असेल, दाढी कोरलेली, कानात यंत्र. मी त्याला म्हटलं, "तुमचं अस्वल आमच्याकडे जेवायला येणार होतं."

"मॅम, ॲक्चुअली तो मील नसतो, एक्सपीरियन्स असतो."

"बरं. मग माझ्या नातीला कसला एक्सपीरियन्स आला ते सांगते. पाहुण्याला ताट वाढलं आणि पाहुणा ताटावरून उठून गेला, हा आला. आमच्यात असं कोणी केलं तर त्या घराशी बोलणं बंद होतं."

"मॅम, कॉस्च्यूममध्ये खाता येत नाही. हायजीन, सेफ्टी..."

"मला हायजीन शिकवू नका. माझी नोकरी त्यातच गेली आहे. खाता येत नाही तर बोलावता कशाला जेवायला? 'अस्वल येईल, हात हलवेल आणि जाईल' असं लिहा. लोक तेव्हाही येतील, लोकांना काय. पण पोरांना खोटं सांगू नका. मोठ्यांना सांगा खुशाल, आम्हाला सवय आहे."

रांगेतली माणसं बघायला लागली होती. मला बरंच वाटलं. त्याने सॉफ्ट टॉय देऊ केलं. मी म्हटलं, "ते जेवतं का?" त्याने पुढच्या वेळचा फुकट पास देऊ केला. मी म्हटलं, "पुन्हा उपाशी बसवायला?" शेवटी कानातल्या यंत्रात काहीतरी पुटपुटून तो म्हणाला, "मॅम, मी त्याला परत पाठवतो तुमच्या टेबलला. तो बसेल. खाणार नाही, पण बसेल."

जिंकले मी. आयुष्यात अनेक साहेबांना नमवलंय, पण एवढं समाधान कधी झालं नव्हतं. पदर खोचून टेबलापाशी आले तर खरंच अस्वल आलं आणि सहाव्या खुर्चीवर बसलं. खुर्ची लहान, अस्वल मोठं, गुडघे टेबलाला आपटले. पंजे ताटलीच्या दोन्ही बाजूंना ठेवून ते बसून राहिलं. धम्मदीप व्हिडिओ घ्यायला लागला. निकिताने खूण केली, बघ अवनी, गब्दू आला.

"घे," मी म्हटलं, "बसवला की नाही त्याला? आता खा."

अवनीने गब्दूकडे बघितलं, त्याच्या शिवलेल्या तोंडाकडे बघितलं. मग शहाण्यासारखी म्हणाली, "राहू दे. पोट भरलं असेल तर आग्रह नाही करायचा. या तुम्ही परत."

अस्वल क्षणभर बसलं, मग उठलं आणि गेलं. तिच्या दोन इडल्या ताटलीत जशाच्या तशा. मला आता तिचाच राग यायला लागला होता. एवढं भांडून आणलं त्याला. "अगं, मग आता तरी खा ना," मी म्हटलं. "कोणासाठी थांबलीस?"

"आजी, तू जेव ना माझ्याबरोबर."

"अगं, मी घरून..."

वाक्य तोंडातच राहिलं. अर्धं बाहेर आलेलं, ते सगळ्यांनी ऐकलं. निकिताने मोबाइल खाली ठेवला. हे टीव्हीवरून वळले. मी टेबलावर बघितलं. सहा खुर्च्या, आणि ताटल्या दोन. एक पोरीची आणि एक अस्वलाची. बाकी आमच्यापुढे मोबाइल होते, गाडीची किल्ली होती, ह्यांचा चष्मा होता. पाच माणसांच्या टेबलावर जेवायला बसलेली एकटी सहा वर्षांची पोर. आणि घरी? घरी तर टेबलसुद्धा नव्हतं. घरी मी होते, वाटी घेऊन, तिच्यामागे, स्वतः उपाशी असल्याचा तोरा मिरवत. वाढणारा शेवटी जेवतो. ही पोर रोज माझं तोंड बघत जेवायची आणि माझं तोंड कधी हलायचंच नाही. ती सगळ्या घरादाराला विचारत होती, कोण बसून जेवणार माझ्याबरोबर, आणि आम्ही तिला लॅपटॉप उघडून अस्वल दाखवलं. मला त्या सलोनीचा राग आला होता, की घरून खाऊन आलाय असं खोटं सांगते म्हणून. तिने अस्वलाच्या बाबतीत खोटं सांगितलं असेल. आम्हाला तर मीच पहाटे उठून थालीपीठ खाऊ घातलं होतं. माझा मलाच इतका राग आला की भांडायला कोणी समोर असतं तर बरं झालं असतं.

मी अस्वलाची ताटली माझ्याकडे ओढली. पोटात जागा नव्हती. साखरेची गोळी चालू आहे, मध चालत नाही. पंजाच्या आकाराची इडली, बाहेरून वाळलेली, आतून कच्ची. मी तुकडा मोडला आणि तोंडात घातला.

"अहो," मी ह्यांना म्हटलं, "घ्या की."

हे उठले आणि स्वतःची ताटली घेऊन आले. पोहे आणि लोणचं. धम्मदीपने डोसा आणला. निकिताने आधी अवनीचा हात कोपरापर्यंत पुसला, मग खुर्ची पुढे ओढली आणि बसून, अगदी टेकून बसून, पॅनकेकचा कान तोडला. "हे भयंकर आहे," ती म्हणाली आणि दुसरा कान तोडला. अवनी सगळ्यांच्या ताटल्यांकडे बघत होती. ह्यांनी पहिला घास घेतला, धम्मदीपने घेतला. मग तिने इडलीला हात लावला.

कोणी "खा" म्हणालं नाही. काऊ नाही, चिऊ नाही. तिने एक इडली खाल्ली, दुसरी खाल्ली, मग माझ्या ताटलीतली अर्धी उचलली. मध्येच आजोबांना म्हणाली, "लोणचं द्या," आणि त्यांनी दिलं. ह्यांनी तिखट लागतं का विचारलं, ती लागतं म्हणाली आणि पुन्हा घेतलं. निकिताचे डोळे भरले होते. मी तिच्याकडे बघितलं नाही, बघितलं असतं तर माझेही भरले असते.

तेवढ्यात सलोनी आली. तेच हसू. "सॉरी फॅमिली, तुमचा स्लॉट संपलाय. नेक्स्ट बॅच वेट करतीये, तर प्लीज..."

दाराशी खरंच माणसं उभी होती. हातात पिशव्या, कडेवर पोरं, सगळ्यांची नजर आमच्या टेबलावर. माझं उत्तर तयार होतं, चांगलं झणझणीत. पण घास तोंडात होता. तो गिळेपर्यंत अवनीने मान वर केली, सलोनीकडे नाही, आमच्याकडे. आमच्या चौघांच्या ताटल्यांवरून नजर फिरवली, कोणाचं काय संपलंय ते बघितलं. मधाचा हात कमरेवर ठेवला.

"सावकाश होऊ द्या," ती आम्हाला म्हणाली.

मी दुसरी इडली वाढून घेतली.